आहार शिकवणाऱ्यांना सरावाचे तास द्या

संपादक महोदय,

किशोरवयीन मुलामुलींना पोषण शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात जीवनसत्त्वं, उष्मांक आणि तक्त्यांचा नुसता मारा असतो. मग हातात प्रमाणपत्र आणि समोर भरलेला वर्ग. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतो, "प्रोटीन पावडरने किती दिवसांत बॉडी बनते?" वर्गात खसखस पिकते आणि ताई घाईघाईने पुढच्या स्लाइडवर जातात. उत्तर त्यांना येत असतं, पण असा प्रश्न चारचौघांत झेलायची सवय कुणी लावलेली नसते.

'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्याने, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं यांचाही उपयोग होतो, पण कमी. आपण मात्र पाठ थोपटण्यावरच भागवतो! बी.एड.वाल्यांना सूक्ष्म अध्यापन ठाऊक असतं: पाच-दहा मिनिटांचा पाठ, लगेच अभिप्राय, तोच पाठ पुन्हा. पोषणाच्या प्रशिक्षणात तेच करावं आणि प्रश्न विचारायला खरीखुरी मुलं बोलवावीत. मोठ्यांनी मुलांचं सोंग घेतलं की प्रश्न फारच शहाणे येतात.

सराव अवघड प्रश्नांचाच हवा. "लोहाच्या गोळीने मळमळतं, म्हणून मी फेकून देते," असं मुलगी म्हणाली, तर पाठ केलेली लोहाची व्याख्या काय कामाची? गोळी जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, शौचाला काळसर झालं तर घाबरू नकोस, हे सहज तोंडात यायला हवं. "मी जाड दिसते का?" याला वर्गासमोर हो-नाही म्हणायचंच नाही, बोलणं झोप, ताकद, दम याकडे वळवायचं. कुणी जेवण टाळत असेल, खाऊन मुद्दाम उलट्या काढत असेल, तर ते काम डॉक्टरांचं. आपली हद्द कळली की निम्मी भीती जाते.

शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या अंगकाठीबद्दल तर प्रशिक्षणात कुणी अवाक्षर काढत नाही. पोरं हसतील या धास्तीने कितीतरी जणी वजनाचा विषयच टाळतात. तेही मोकळेपणाने बोललं जावं.

शिवाय "पाहून सांगते" म्हणायची मुभा हवी, पुढच्या तासाला उत्तर देण्याच्या अटीवर. आणि पर्यवेक्षकांनी महिन्याभरात एकदा तरी वर्गात येऊन मागे बसावं. त्या दिवशी तपासणीचा फॉर्म कार्यालयातच राहू द्यावा.

– एक प्रशिक्षक