ओढा साफ झाला म्हणजे जिवंत झाला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओढ्या-नाल्यांच्या खोलीकरणाच्या आणि रुंदीकरणाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत बहुतेक वेळा ‘पुनरुज्जीवन’ या शब्दानिशी छापल्या जातात. मी नोकरीनिमित्त अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी येथील डोंगराळ ओढ्यांवर स्वयंसेवक म्हणून काम करतो. येथे ओढा जिवंत करणे म्हणजे जे करतात, ते आपल्याकडील चित्राच्या जवळजवळ उलट आहे. त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले.

येथील खटाटोप ज्याच्यासाठी चालतो तो ब्रूक ट्राउट हा मासा बहुतेक ओढ्यांत वीतभरच वाढतो. ‘ब्रूक’ म्हणजे ओढा. 1814 साली त्याला जे शास्त्रीय नाव मिळाले त्याचाही अर्थ ‘झऱ्यात राहणारा’ असाच आहे. गडद पाठीवर फिकट नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके आणि खालच्या परांच्या कडेला खडूने ओढावी तशी पांढरी रेघ, असे त्याचे रूप. 1970 पासून तो पेनसिल्व्हेनियाचा राज्यमासा आहे. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की तो बेजार होतो आणि 25 अंशांच्या आसपास फार काळ तग धरत नाही. त्यामुळे ज्या ओढ्यात तो आहे, त्या ओढ्याचे पाणी थंड आणि स्वच्छ आहे हे वेगळे तपासावे लागत नाही.

त्याचे हाल झाले ते प्रामुख्याने सावली गेल्यामुळे. ओढ्यांवर हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाचे दाट छत होते. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी त्याची साल हवी होती आणि बांधकामाला लाकूड. डोंगरच्या डोंगर बोडके झाले. ओंडके खाली नेण्यासाठी ओढ्यावर लाकडी बांध घालून पाणी अडवायचे आणि मग बांध उघडून सारा लोंढा एकदम सोडायचा, अशी पद्धत होती. त्या लोंढ्यांनी पात्रातले गोटे, डोह आणि अडकलेली झाडे खरवडून नेली. कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याने कित्येक ओढे मासेशून्य केले. आता पूर्व आशियातून आलेला, लोकरीसारख्या पांढऱ्या आवरणाचा एक सूक्ष्म कीटक उरलासुरला हेमलॉक वाळवत आहे. (हेमलॉक हा याच राज्याचा राज्यवृक्ष आहे, म्हणजे राज्यवृक्ष आणि राज्यमासा दोघेही एकाच वेळी आजारी.)

या माशाला विणीसाठी काय लागते ते पाहिले की गाळ हा शब्द वेगळ्या अर्थाने कळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादी, जिथे तळातून झऱ्याचे पाणी वर येते अशी जागा शोधून, शेपटीच्या फटक्यांनी बारीक गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे ढकलून ती झाकते. पुढे सारा हिवाळा ती अंडी गोट्यांच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. काठावरची झाडे तोडली, कच्चा रस्ता पाण्याला लागून काढला किंवा गुरे पात्रात उतरू दिली, की वाहून आलेली माती त्या फटींत बसते आणि अंडी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला ओढा तसाच खळाळत असतो.

पहिल्यांदा कामावर गेलो तेव्हा मला वाटले होते, पात्रातला पालापाचोळा आणि पडलेली झाडे बाहेर काढायची असतील. प्रत्यक्षात काठावरची निवडक झाडे कापून ओढ्यात आडवी पाडण्याचे काम चालले होते. एके काळी येथील अधिकारीही माशांची वाट अडते या समजुतीने ओढ्यांतले लाकूड सद्हेतूने काढून टाकत. आता अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वनात ते मुद्दाम परत घातले जाते. आडव्या ओंडक्याखाली पाणी डोह कोरते, ओंडक्यामागे गोटे साठतात, त्याच्या आडोशाला मासा लपतो, आणि अडकलेल्या पानांवर ज्या किड्यांच्या अळ्या पोसतात त्याच माशाचे अन्न असतात. उघड्या काठावर रोपे लावून प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकची नळी उभी करावी लागते, नाहीतर हरणे ती पहिल्याच हंगामात फस्त करतात.

रस्त्याखालच्या मोऱ्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मोरीच्या पाइपचे तोंड पात्रापासून हातभर वर लटकत असेल, तर उन्हाळ्यात वरच्या थंड पाण्याकडे जाणारा मासा तिथेच अडतो. म्हणून अशा मोऱ्या काढून रुंद, तळ मोकळा असलेल्या मोऱ्या बसवतात. पण 1883 साली जर्मनीहून आणलेला, त्याचा प्रतिस्पर्धी ब्राउन ट्राउट खाली ठाण मांडून असेल, तर तोच अडथळा वरच्या ब्रूक ट्राउटचे रक्षणही करत असतो. मोरी काढण्याआधी खाली कोण राहते हे पाहावेच लागते. एवढे करूनही हौशी गळकऱ्यांसाठी मत्स्यबीज केंद्रातले मासे राज्यभर दर वर्षी लाखोंच्या संख्येने सोडले जातात. त्याला संवर्धन म्हणणे मला पटत नाही. उलट हाच ब्रूक ट्राउट पश्चिमेकडील रॉकी पर्वतात नेऊन सोडला, तेव्हा तो तेथील कटथ्रोट ट्राउटच्या मुळावर आला.

मेनपासून जॉर्जियापर्यंतच्या 17 राज्यांत 2004 पासून ब्रूक ट्राउटसाठी सरकारी खात्यांची आणि संस्थांची संयुक्त मोहीम चालू आहे. तिच्या पहिल्या पाहणीत, या माशाचा मूळ अधिवास जवळजवळ पूर्ण टिकून आहे अशी उपखोरी अवघी 5 टक्के निघाली.

महाराष्ट्रातील ओढ्यांत ट्राउट नाही आणि पाण्याची निकडही येथल्यापेक्षा फार मोठी आहे, हे मी जाणतो. जलयुक्त शिवारच्या कामांमागची तहान खरीच आहे. तरीही यंत्राने तळ उपसून, काठचे करंज, उंबर, वाळुंज काढून, सरळ कापलेल्या चरात पाणी साठवणे हा जलसाठा झाला. त्याला जलसाठाच म्हणावे. अशा कामाची बातमी देताना किती घनमीटर गाळ निघाला याबरोबरच, काठावरची किती झाडे राखली, तळाचे गोटे-वाळू राहिली का, आणि त्या ओढ्यात पूर्वी मिळणारे वाम, मळे हे मासे आणि खेकडे पुढच्या वर्षी मिळाले का, हे आपल्या वार्ताहरांनी गावकऱ्यांना विचारावे, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका