कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांना

काका, नमस्कार.

त्या रात्री तुम्ही दादाला गोळी द्यायला नकार दिलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण हे जितक्यांना कळेल तितकं बरं.

दादाला कॉलेजपासून अर्धशिशी. उलट्या, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, सकाळी ठणठणीत, हे घरात सगळ्यांच्या सवयीचं. म्हणून तो चिठ्ठी घेऊन अर्धशिशीवरची नेहमीची सुमाट्रिप्टान गोळी मागायला आला, त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सरकवून त्याला ट्यूबलाइटखाली उभं केलंत. "डावी पापणी कधीपासून उतरलीय? दुखतंय कुठे, कपाळात की मानेत?" मानेत, तो म्हणाला. डावी बाहुली उजवीपेक्षा बारीक झालीय, हेही तुम्हीच मला दाखवलंत. "ही गोळी रक्तवाहिन्या आवळते. आज नको. न्यूरोचे डॉक्टर आणि रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, सीटी अँजिओ, असेल तिथे आत्ता जा." रिक्षाही तुम्हीच थांबवलीत.

मानेतली डावी कॅरोटिड धमनी आतून चिरली होती. आतला थर फाटतो, भिंतीत रक्त शिरतं, वाट अरुंद होते. तिथली गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. पापणी-बाहुलीच्या नसा त्याच धमनीला बिलगून वर जातात, म्हणून खूण डोळ्यात उमटली. तरुण वयातल्या स्ट्रोकचं हे एक मोठं कारण आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी 18 ते 45 वयाच्या, स्ट्रोक झालेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये मांडला. मानेतली धमनी फाटून स्ट्रोक झालेल्यांपैकी जवळपास 31 टक्क्यांना अर्धशिशी होती, स्ट्रोकच्या बाकीच्या रुग्णांत 24 टक्क्यांना. म्हणजे अर्धशिशीवाल्या प्रत्येकाने घाबरावं असं मुळीच नाही, बहुतेकांना असं काही होत नाही. पण नेहमीचं दुखणं आणि नवं दुखणं यात फरक करणारा माणूस वेळेवर भेटावा लागतो. आम्हाला तुम्ही भेटलात.

दादाला स्ट्रोक झाला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, नव्या स्कॅनमध्ये धमनी बरीच मोकळी दिसली.

एक विनंती आहे, काका. काउंटरवर एक कागद लावाल का? 'डोकेदुखी नेहमीपेक्षा वेगळी, मान एका बाजूने दुखतेय, पापणी उतरलीय, बोलणं अडखळतंय, हात-पाय लुळा पडलाय: गोळी नको, आधी हॉस्पिटल.' ठळक अक्षरात मी लिहून आणते.

तुमची,
दादाची धाकटी बहीण