तेल राहू दे, आधी रक्त तपासू

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, वेणी निम्मी झाली म्हणून मेनरोडवरून तिसरं तेल आणू नकोस. श्रावणात तुला जोराचा ताप येऊन गेला. असा ताप, ऑपरेशन किंवा एकदम तोडलेलं जेवण, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि सहाएक महिन्यांत बहुतेक आपोआप थांबतात. भांग रुंद होतोय पण कपाळावरची रेषा जागच्या जागी आहे, असं असेल तर मात्र ते पाळी गेल्यानंतरचं, हार्मोनशी जोडलेलं गळणं. ते वाट बघून थांबत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना लवकर दाखवावं. बाबा, खिडकीच्या उजेडात तिच्या भांगाचा वरून फोटो काढा, महिन्याने तसाच पुन्हा काढा.

रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), जीवनसत्त्वं बी-१२ आणि डी. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून फेरिटिन गाळू देऊ नका. शरीर आधी साठ्यातलं लोह संपवतं, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. अंगात ताप असताना मात्र तपासू नका, फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. आणि या वयात लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर भागवायचं नाही, पोटातून रक्त जातंय का हे डॉक्टरांना विचारायचंच.

मावशीने दिलेल्या ‘केसांच्या गोळ्यां’त बायोटिन हे जीवनसत्त्व आहे. रक्त देण्याआधी निदान तीन दिवस त्या बंद. बायोटिनमुळे काही लॅबमध्ये टीएसएच खोटं कमी येतं, मग गोळी जास्त होतेय असं वाटून थायरॉइडचा डोस विनाकारण उतरवला जातो.

थायरॉइडची गोळी तू चहाबरोबर घेतेस, हे मला माहीत आहे! उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घे, चहा पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. वेळ पाळल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. साखरेच्या गोळीने, मेटफॉर्मिनने, बी-१२ उतरतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

खाण्याचं म्हणशील तर भिजवलेल्या दहा मनुकांत लोह नावापुरतं असतं, मग त्या पिंपळगावच्या का असेनात. मोड आलेली मटकी, अळीव, पालेभाजी खा, वर लिंबू पीळ. चहा जेवणानंतर तासाभराने. प्रथिनं तुझ्या ५५ किलोंना रोज ४५ ते ५० ग्रॅम हवीत. शिजलेल्या डाळीच्या वाटीत जेमतेम सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. साबुदाण्यात जवळजवळ शून्य, म्हणून एकादशीला ताक आणि शेंगदाणे तरी सोडू नकोस. मिसळ खा, पण तर्रीपेक्षा मटकी जास्त घे.

बाबा, सकाळची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावरच द्या. रिपोर्टचे फोटो पाठवा, आकड्यांशेजारी लॅबने छापलेली सामान्य मर्यादाही दिसू दे.

तुमची लेक