पेडर रोडच्या चढाआधी

प्रिय मन्या,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, मॅरेथॉनच्या सरावात २८ व्या किलोमीटरला पाय संपले म्हणून एवढा खचलायस, अरे मी तर गेल्या वर्षी २६ लाच फुटपाथवर बसलो होतो आणि रिक्षाने घरी आलो, बायकोला अजून माहीत नाहीये.

तेव्हा मला वाटायचं की मनच कच्चं आहे आपलं. मुंबई मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर पळाल्यावर कळलं, मनाचा संबंध फार नंतर येतो. स्नायूत नि लिव्हरमध्ये जी साखर साठवलेली असते ना, ग्लायकोजेन, ती बहुतेकांची ३० ते ३५ किलोमीटरच्या आसपास तळाला जाते, आणि सुरुवातीला जितकं जोरात पळशील तितकी ती लवकर जळते. मी काय केलं? ठरवला होता ६:३० चा पेस, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं, आणि सीएसएमटीवरनं पहाटे सुटल्यावर मरीन ड्राइव्हवर एवढं गार नि भारी वाटत होतं की पहिले १० किलोमीटर सहाच्या पेसने मारले! वर पहिलं जेल, ते पाकिटातलं घट्ट साखरेचं, खाल्लं दीड तासाने, कारण भूकच नव्हती. येताना पेडर रोडचा चढ आला, ३५ किलोमीटर उलटलेले, डोक्यावर ऊन, मांड्या दगड झालेल्या, आणि एक आजी मीठ लावलेलं संत्रं पुढे करून म्हणतायत, "पळ रे बाळा", आणि बाळाला साधं चालवत नव्हतं. शेवटचे सात अर्धे चालतच केले, ५ तास १२ मिनिटं.

म्हणून सांगतो, पहिले १० किलोमीटर लाज वाटेल इतके हळू जा, शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. खाणं ४० व्या मिनिटापासून, मग दर अर्ध्या-पाऊण तासाने, भूक असो नसो. जेल पचत नसेल तर खजूर चालतात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा पण चालतो (ढोकळा नको, मी ट्राय केलाय, विचारू नकोस). फक्त जे खायचं ते लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब पळण्याला, खाऊन बघ. आणि नुसतं पाणी ढोसू नकोस, घामातनं मीठ जातं आणि वर पाणीच पाणी झालं की रक्तातलं सोडियम खाली येतं, ते डेंजर आहे. इलेक्ट्रॉल ठेव.

३० ते ३२ चे दोन-तीन लाँग रन कर, त्यातल्या एकाचे शेवटचे पाच रेसच्या पेसने, थकलेल्या पायांना ती सवय लागू दे. शेवटचा मोठा रन तीन आठवडे आधी, मग टेपर, म्हणजे पळणं हळूहळू कमी करायचं. टेपरमध्ये गुडघा उगाच दुखायला लागेल, घाबरू नकोस, सगळ्यांचा दुखतो.

चढावर छोटी पावलं टाक, नजर पुढच्या खांबापर्यंतच. चाललास तरी चालेल, फक्त बसू नकोस, बसलं की उठवत नाही रे.

मी यंदा पळत नाहीये, पेडर रोडला उभा राहतो तुझे खजूर घेऊन. कुठले आणू, बिया काढलेले ना?

तुझा,
बाळ्या