वाडीवरचा लेख पाठवते आहे

ती. आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत लेखाची प्रत आहे. दिवाळी अंकासाठी आपल्या सुपारीच्या वाडीवर लिहिते आहे हे कळल्यापासून आई, तू फोनवर दर वेळी विचारतेस, "झालं का गं लिहून?" वेळ होता, विषय तर घरचाच. तरी लिहवत नव्हतं. ते का, हे लेख वाचायच्या आधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

३ जून २०२० ची माहिती मी भराभर लिहून काढली. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, मोबाईलचे टॉवर पडले, वीज कित्येक दिवस नाही, आणि वर लॉकडाउन. हे कुणीही लिहिलं असतं. पण पंचनाम्याच्या दिवसापाशी आले की हात थांबायचा. बाबा, तुम्ही बांबूची काठी घेऊन आडव्या पोफळी मोजत होतात. प्रत्येक खोडाला काठी टेकवायची, आकडा मोठ्याने म्हणायचा, की तो लिहून घेतला जायचा. विहिरीकडच्या, आजोबांनी लावलेल्या रांगेशी आलात, काठी शेजारच्या काकांच्या हातात दिलीत आणि पडवीत जाऊन बसलात. पुढचे आकडे काकांनी सांगितले. घडलं ते एवढंच, आणि नेमकं तेच मला लिहिता येईना.

लिहायला बसलं की आधी तुम्ही दोघं समोर उभे. बाबांना हे चारचौघांत आलेलं चालेल का? आई म्हणेल, घरातलं घरात राहू दे. आपल्याकडे दुःख बोलून दाखवायची रीत नाही. आई, वादळानंतर तूही ट्रंकेतली भिजलेली कागदपत्रं आणि तांदूळ खळ्यात पसरलेस, पाखरं हाकलत बसलीस, आणि मला म्हणालीस, "जेवून घे." अशा घरात वाढलेल्या माणसाला "मला वाईट वाटलं" हे वाक्य कागदावरसुद्धा परक्याचं वाटतं.

लिहिणाऱ्या मैत्रिणींनी सल्ला दिला की आई-वडील आहेत तोवर घरचं लिहू नये, मागून मोकळेपणाने लिहिता येतं. मला तो मुळीच पटला नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिल्यापासून एक गोष्ट मनात राहिली आहे. ते १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं ते त्यानंतर, हरि नारायण आपट्यांनी काढलं. त्यांना ते हातात घ्यायला मिळालं नाही. माझ्या बाबतीत उलट व्हायला नको. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनी ते वाचावं, "असं नव्हतं झालं" म्हणून माझ्याशी भांडावं.

मग मार्ग सापडला तो साधा. जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या त्यांना लगेच बरं नाही वाटलं, उलट त्या वेळी ते जास्त उदास झाले. पण पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. मला धीर आला तो त्या मधल्या भागामुळे. लिहून उठल्यावर जीव कासावीस होतो, म्हणजे आपल्याला झेपत नाही असं मी धरून चालले होते. तसं होणं ठरलेलंच आहे म्हटल्यावर उठायची घाई संपली. कुणालाही दाखवायची नाही अशी वही केली आणि पहाटे हाताने लिहीत गेले. शुद्धलेखन नाही, परिच्छेद नाहीत, तुम्ही समोर नाही.

त्या वहीत अडलेलं खरं काय ते बाहेर पडलं. बाबा, त्याच पावसाळ्यात तुम्ही पोफळीची नवी रोपं लावलीत. वय सत्तरच्या पुढे, आणि पोफळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. ती बेरीज मी तिथे गडग्यावर उभ्या उभ्या मनात केली होती आणि मला तुमचा भयंकर राग आला होता. पुण्याला चला म्हणत होते, तुम्ही ऐकत नव्हतात, आणि वर रोपं लावत होतात. राग आला की डोळ्यांत पाणी येतं माझ्या, तुम्हाला ठाऊक आहे. पंचनाम्याचं वाक्य त्या बेरजेखाली दबलं होतं. बेरीज लिहून टाकली, आणि काठी, काका, पडवी हे सगळं एका बैठकीत लिहून झालं. लेखात "दुःख" हा शब्द कुठेही घातलेला नाही. काठी हातातून गेली एवढं सांगितलं आहे, ते पुरेसं आहे असं मला वाटतं. बेरीजही ठेवली आहे, कारण रोपं लावण्याचं धाडस त्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार नाही.

आता तुमचं काम. आई, तू मोठ्याने वाच, बाबांना बारीक अक्षर लागत नाही. बाबा, नको वाटेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. कारण विचारणार नाही, ते वाक्य काढेन. मात्र पाणी सोडायच्या पाळीचं वर्णन आणि पाटाची दिशा नीट तपासा, तिथे मी आठवणीवर गेले आहे. मधल्या आंब्याचं नाव आई सांगेल, आपल्याकडे त्याला काय म्हणतात तेच मला हवं आहे. संपादकांना महिनाअखेरीस द्यायचा आहे, तेव्हा प्रत गणपतीला येणाऱ्यांच्या हाती देऊ नका, पोस्टानेच पाठवा.

बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्या.

तुमची लेक