एकर चाळीस गुंठ्यांचाच असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एआय आणि सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नोकऱ्यांवरचा लेख काल वाचला. आमच्याकडं आपला अंक साडेनऊला येतो, त्यामुळे चिडायलाही जरा उशीरच होतो. लेख छान होता. म्हणजे कागद छान होता, छपाई छान होती, लेखकमहाशयांचा फोटोतला कोट तर फारच छान होता. प्रॉम्प्ट (म्हणजे एआयला द्यायची सूचना) लिहायला शिका, सॉफ्ट स्किल्स वाढवा, लिंक्डइनवर दिसत राहा आणि 'बदलाला मिठी मारा'. बदलाला मिठी मारायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते लेखात कुठं सापडलं नाही. आमच्या भागात मिठी मारतात ती लग्नात, व्याहीभेटीला.

लेखाच्या बरोबर खाली पाव पान जाहिरात: तीन महिन्यांत एआय इंजिनिअर व्हा, नोकरीची हमी. वर भीती घालायची आणि खाली औषध विकायचं, ही जुळणी पान लावणाऱ्यानं मुद्दाम केली की आपसूक झाली, ते आपणच जाणे. मी रोज लातूरच्या ट्यूशन एरियातून जातो. पाच-सहा वर्षांमागे ज्या पाटीवर 'जावा' होतं तिथं पुढं 'पायथन' आलं, आणि आता त्याच पाटीवर स्टिकर डकवून 'एआय' झालंय. स्टिकरच्या कडेनं जुना 'प' अजून डोकावतो.

मी या धंद्यात 24 वर्षं आहे. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेवर सुरुवात केली, मग व्हिज्युअल बेसिक, मग डॉट नेट. दर खेपेला कुणीतरी सांगायचं, तुमचं संपलं. फॉक्सप्रोला तर मायक्रोसॉफ्टनं 2015 साली अधिकृत मूठमाती दिली, पण लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईतल्या एका दुकानात माझं फॉक्सप्रोचं बिलिंग अजून चालू आहे. मालकाला बदल नको आहे आणि मला त्याचे पैसे मिळत नाहीत. असो.

लेखातल्या एका वाक्यावर मात्र गप्प बसवेना. एआयमुळं अभियंत्याचा वेग दुप्पट होतो म्हणे. दुप्पट कशाला, माझा दसपट झाला होता! त्याचीच हकिगत सांगतो.

गेल्या हंगामाआधी एका साखर कारखान्याचं ऊस नोंदीचं काम माझ्याकडं आलं. (कुठला कारखाना ते विचारू नये.) चिटबॉय मंडळींनी, म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसांनी, गावोगावच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या होत्या, आठ हजारांवर ओळी. गटवार आणि लागणीच्या महिन्यावार क्षेत्राची बेरीज करायची, त्यावरून टनेजचा अंदाज आणि तोडणीचा प्रोग्राम (कुणाचा ऊस कधी तोडायचा ते) काढायचा. माझ्याकडं एक पोरगा आहे, इंजिनिअरिंग करून दोन वर्षं झालीत, डोक्यानं तल्लख. आधी ज्याला महिना लागला असता ते त्यानं एआयकडून दोन दिवसांत करून घेतलं. कोड नेटका, कॉमेंट शुद्ध इंग्रजीत. कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या 84 टेस्ट त्या टूलनंच लिहिल्या, त्यानंच चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी चहा पिता पिता वरवर चाळलं आणि म्हणालो, "दे पाठवून." हे 'दे पाठवून' माझं आहे, पोराचं नाही, एवढं कृपया लक्षात घ्यावं.

आठ दिवसांनी शेतकी विभागात बैठक. प्रिंट टेबलावर पसरलेली. एक जुना चिटबॉय, पन्नाशीचा, एका ओळीवर बोट ठेवून बसला. म्हणाला, "हे माझ्या चुलत्याचं हाय. तीन तुकडे. 1.20, 0.30 आन् 2.10. बेरीज 3.60 कशी काय?" पोरानं नम्रपणे कॅल्क्युलेटरवर करून दाखवली. 3.60. चिटबॉयनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, बोटाच्या पेरांवर मोजलं: "दीड, पाऊण, सव्वादोन. साडेचार एकर ऊस उभा हाय बगा तिथं. आमच्याकडं एकर चाळीस गुंठ्याचा असतो. तुमच्या कंपुटरात शंभराचा हाय का?"

सगळी बैठक हसली. शेतकी अधिकारी हसले नाहीत.

1.20 म्हणजे एक एकर वीस गुंठे, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. एआयनं तो दशांश धरला आणि सरळ बेरीज मारली. एका शेतकऱ्यामागं 36 गुंठे कागदावरून गायब; एकरी 35 टन धरले तरी तीस टनांवर ऊस उडाला. त्यात एक्सेलची आणखी करामत. 1.20 टाकलं की तो शेवटचं शून्य खाऊन 1.2 दाखवतो. कुणी दोन गुंठ्यांसाठी 1.02 लिहिलेलं, कुणी 1.2. म्हणजे ओळीतला 1.2 हा वीस गुंठ्यांचा की दोन, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. आणि खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: आठ हजार ओळींत पॉइंटनंतर 39 च्या वर एकही आकडा नव्हता. एकही! पोराला दिसलं नाही, मला दिसलं नाही. माझे वडील आयुष्यभर शेती करत आले, मी स्वतः बांधावर टेप धरलेली आहे, आणि तरी हिरव्या टिकल्या बघून मी डोळे मिटले.

मग त्याच एआयला विचारलं, एकरात गुंठे किती? म्हणाला, 40. चूक दाखवली तर म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे," माफी मागितली आणि अर्ध्या मिनिटात दुरुस्ती करून दिली. त्याला माहीत होतं हो! फक्त त्या रकान्यात गुंठे आहेत हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नाही. 84 टेस्टही त्याच समजुतीवर बेतलेल्या. पेपर ज्यानं लिहिला, तपासायलाही त्यालाच दिला, तर लातूर पॅटर्नमध्येसुद्धा शंभर टक्केच निकाल लागणार की.

आता 1.2 च्या ओळी कशा सोडवायच्या? पोरगा नऊ दिवस चिटबॉयच्या मोटारसायकलवर मागं बसून गावं फिरला. म्हणजे दोन दिवसांत 'झालेलं' काम अकरा दिवसांना पडलं.

अमेरिकेतल्या एमईटीआर या संस्थेनं 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली 246 कामं दिली, काही एआय वापरून आणि काही एआयशिवाय. एआय वापरताना त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं, आपलं काम 20 टक्के लवकर झालं. टूल्स तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, हे मी मान्य करतो, मी स्वतः ती रोज वापरतो. पण 'वाटणं' आणि 'होणं' यांतलं हे अंतर लेखकमहाशयांच्या कानावर आलेलं दिसत नाही.

लेखानं जे गाळलं ते मनाला जास्त लागलं. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवरून मांडलं की एआयची झळ ज्या कामांना जास्त बसते, तिथं 22 ते 25 वयाच्या मुलांचा रोजगार तुलनेनं 13 टक्क्यांनी घटला. मोठ्या वयाचे टिकून राहिले. आमची पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात ती याच वयात, बापानं काढलेल्या कर्जावर. त्यांना 'लिंक्डइनवर दिसत राहा' सांगायचं?

मला विचाराल तर (आपण विचारलेलं नाही, ठाऊक आहे) माझ्याकडं आता एवढंच केलंय. कोड एआयनं लिहावा, खुशाल. पण त्याआधी पोरानं कारखान्यात नाहीतर दुकानात जाऊन दोन दिवस बसायचं, खऱ्या नोंदींतल्या वीस ओळी उचलायच्या आणि त्यांची उत्तरं हातानं वहीत काढायची, चिटबॉयला विचारून. कोड तपासायचा तो त्या वहीवर. वहीचं पान माझ्या सहीशिवाय पुढं जात नाही. याला कुणी प्रमाणपत्र देत नाही, आणि आपल्या जाहिरातदारांना यात काही विकताही येणार नाही. पोरगा मात्र आता ऊस नोंदीतलं असं काही बोलतो की शेतकी विभागातून फोन येतो तो थेट त्याला. मला येत नाही. जरा वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

जाता जाता. लेखासोबत छापलेलं चित्र आपण छापण्याआधी पाहिलं होतं का? यंत्रमानवाशी हात मिळवणाऱ्या 'मराठवाड्यातल्या शेतकऱ्या'ला सहा बोटं आहेत, डोक्यावर राजस्थानी पगडी आहे आणि मागच्या फळ्यावरची अक्षरं देवनागरीसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. आपल्या पुरवणीत पूर्वी एक चित्रकार असायचे. त्यांच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टोपी असायची आणि बैलांची शिंगंसुद्धा आमच्याकडच्या बैलांची असायची. ते सध्या काय करतात, हेही एखाद्या रविवारी छापा.

आपला,
22 वर्षांचा वर्गणीदार, लातूर

(नाव छापू नये, ही विनंती. कारखान्याकडून बिलाचा शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.)