समुद्रचित्राच्या जतनासाठी आवाहन: निधी, साहित्य आणि जाणती नजर हवी

वाचनकक्षात वर्षानुवर्षं टांगलेलं समुद्राचं जलरंगचित्र भिंतीवरून उतरवलं आहे. ते कुठे गेलं, अशी विचारणा होते आहे. चित्र सुखरूप आहे. कपाटात आडवं आणि अंधारात ठेवलं आहे. पण त्याची तब्येत बरी नाही आणि ती सावरायला आपली मदत लागणार आहे.

चौकट उघडल्यावर चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकलेली अर्ध्या बोटाएवढी पट्टी दिसली. तिथे आभाळ करडं-निळं, पावसाळी आहे. बाकी सगळीकडे ते गुलाबीसर. म्हणजे आपण सगळे ज्याला संध्याकाळ म्हणत आलो, ती संध्याकाळ नव्हेच. जुने जलरंगकार ढगांचा करडा रंग पुष्कळदा नीळ (झाडापासून काढलेला निळा रंग) आणि गेरूसारखा तांबडा मिसळून करत. नीळ उजेडात उडते, गेरू मातीचा असल्याने टिकतो आणि ढग गुलाबी दिसू लागतात. रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या १८८८च्या अहवालाने जलरंगांवरचा उजेडाचा हा परिणाम प्रयोगांनी दाखवला होता. उडालेला रंग परत येत नाही. आभाळ पुन्हा रंगवून देण्याची तयारी काही जणांनी आपुलकीने दाखवली आहे. त्यांना नम्र नकार. त्यावर नवा हात फिरला, तर ते चित्र त्या चित्रकाराचं राहणार नाही.

रंगापेक्षा कागदाची काळजी जास्त आहे. लाटांचा फेस पांढऱ्या रंगाने काढलेला नाही, कागद कोरा सोडला आहे. पुढच्या लाटेच्या माथ्यावर तर पात्याने कागद खरवडून तुषार उडवले आहेत. त्यामुळे कागद पिवळा पडला की फेसच मळतो, आणि खरवडलेल्या जागी तंतू उभे असल्याने धूळ तिथेच आधी बसते. आज त्या फेसावर तपकिरी ठिपके आहेत. ओलीमुळे आलेली बुरशी आणि कागदातले लोहाचे कण, ही अशा ठिपक्यांची नेहमीची कारणं.

बाकीचं नुकसान चौकटीने केलं आहे. मागे प्लायवूड, पुढे लाकडी लगद्याचा स्वस्त पुठ्ठा. दोन्हींतून आम्ल झिरपतं आणि चित्राभोवती तपकिरी रेघ उमटते. वरच्या दोन कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली होती. तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरला आहे. काच थेट चित्राला टेकली होती, म्हणून डाव्या खालच्या कोपऱ्यात दव धरून कागदाला पोट आलं.

निधी लागेल तो या क्रमाने. पहिला खर्च कागदाच्या जतनतज्ज्ञाचा: कोरडी सफाई, चिकटपट्टी आणि तिचा गोंद काढणं, नंतर प्रत्येक रंगाची पाण्याला चाचणी. जलरंग बाभळीच्या जातीच्या डिंकात कालवलेले असतात, ते ओल्या बोळ्यालाही सुटतात. चाचणीत रंग हलला तर कागद धुणं रद्द, ठिपके आहेत तसे राहतील. दुसरा खर्च नवी चौकट: शंभर टक्के सुती, आम्लरहित पुठ्ठा, गव्हाच्या सत्त्वाची खळ लावलेल्या जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या (फक्त वरच्या कडेला, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला वाव राहतो), अतिनील किरण अडवणारी काच आणि काच व चित्र यांच्यात किमान ३ मिमी मोकळी जागा. यातून उरलं तर पूर्ण आकाराची चांगली छापील प्रत, जी वर्षभर भिंतीवर राहील. देणगीची पावती मिळेल आणि हिशेब फलकावर लावला जाईल.

मूळ चित्र यापुढे वर्षातून तीनच महिने लावायचं आणि तेही ५० लक्स उजेडात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). रोज आठ तास धरले तर ९० दिवसांत ३६,००० लक्स-तास होतात. खिडकीजवळच्या ५०० लक्समध्ये चित्र तेवढाच उजेड नऊ दिवसांत खातं. हे कुणाला कंजूषपणा वाटेल. पण हेन्री व्हॉन या इंग्रज संग्राहकांनी मृत्युपत्राने दिलेली इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात त्यांच्या अटीप्रमाणे फक्त जानेवारीत लावतात, कारण त्या महिन्यात तिथे ऊन फार कमी. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांचे रंग ताजे आहेत.

पैशाखेरीज तीन गोष्टी हव्यात. आर्द्रतामापक दान मिळाला तर उत्तम. कपाटात सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखायची आहे, ६५च्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. लक्समीटर काही दिवस उसना चालेल. आणि सर्वांत मोलाची म्हणजे जाणती नजर. चित्रात तीन होड्या आहेत. शिडांचा काप, डोलकाठीचा कल, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची चित्रकाराने नीट टिपली आहे. खडकांवर भरतीची ओली रेघही आहे. या होड्या कशा प्रकारच्या आणि चित्रकार किनाऱ्यावर नेमका कुठे बसला असावा, हे होड्या बांधलेल्या किंवा वल्हवलेल्या माणसांनीच सांगावं. त्या किनाऱ्याचे जुने फोटो असतील तर प्रती काढून मूळ फोटो लगेच परत देऊ. फोटोच्या पाठीवर लिहायचं असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

याच चित्रकाराची चित्रं काही घरांमध्येही आहेत. ती आम्हाला देऊ नका, फक्त कळवा. आम्ही येऊन मोजमाप आणि छायाचित्र घेऊ. तोवर काचेवर फवारा मारून पुसू नका, द्रव कडेने आत शिरतो. पुसायचंच तर फडका ओलसर करून. चौकट बाहेरच्या भिंतीवर असेल तर मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल. कसर दिसली तर चित्रावर कीटकनाशक मारू नका. आणि मागचा कागद फाटका असला तरी फेकू नका, त्यावरचं नाव, तारीख किंवा चौकटवाल्याची चिठ्ठी आम्हाला पाहायची आहे.